विश्लेषण : पडकी घरे, पाच टक्के परतावा… १६० वर्षांपूर्वी लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल यांनी केलेला प्रयोग काय होता?

मोडकळीला आलेले घर स्वस्तात घ्यायचे, डागडुजी करायची आणि वाढीव किमतीला विकून मोकळे व्हायचे. स्थावर मालमत्तेच्या बाजारात या व्यवहाराला आज ‘फ्लिपिंग’ म्हणतात. १८६५ मध्ये लंडनमधील २६ वर्षांच्या एका शिक्षिकेने या व्यवहारातील पहिले दोन टप्पे पार पाडले. तिसरा मात्र टाळला. पडकी घरे घेतली, दुरुस्त केली, पण विकली नाहीत. त्याच भाडेकरूंना तिथेच ठेवले, पैसे गुंतवणाऱ्याला वर्षाला पाच टक्के दिले आणि उरलेली रक्कम घरांवरच खर्च केली. त्या शिक्षिकेचे नाव ऑक्टेव्हिया हिल. त्यांचा हिशेब कसा जुळला, तो कुठे तोकडा पडला आणि त्याचा एक धागा इंदूर-मुंबईपर्यंत कसा पोहोचला, याचा आढावा.

कोण होत्या ऑक्टेव्हिया हिल?

ऑक्टेव्हिया हिल यांचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडमधील विसबेच या गावी झाला. त्या वडिलांच्या आठव्या कन्या. नावातही लॅटिनमधील आठ हा आकडा आहे. वडील जेम्स हिल धान्याचे व्यापारी होते आणि सुधारक विचारांचे होते. ऑक्टेव्हिया अगदी लहान असताना, १८४० मध्ये, त्यांचे दिवाळे निघाले. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. मोठे घर गेले, कुटुंब गावोगाव फिरले. मुलींची जबाबदारी आई कॅरोलिन यांच्यावर आली.

या पडत्या काळात आधार मिळाला तो आईचे वडील डॉ. थॉमस साउथवूड स्मिथ यांचा. ते लंडनमधील नामांकित डॉक्टर. गलिच्छ वस्त्या, तुंबलेली गटारे आणि तापाच्या साथी यांचा संबंध सरकारदरबारी मांडणाऱ्यांमध्ये ते आघाडीवर होते. घराची अवस्था आणि माणसाचे आरोग्य या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे ऑक्टेव्हिया यांच्या कानावर बालपणीच पडले.

१८५२ मध्ये आईला लंडनमधील एका सहकारी हस्तव्यवसाय संस्थेच्या व्यवस्थापनाचे काम मिळाले. त्या संस्थेत गरीब वस्तीतील मुली खेळणी तयार करत. त्यांच्या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी ऑक्टेव्हिया यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचे वय १४ च्या आसपास होते. एखादी मुलगी कामावर आली नाही की त्या तिच्या घरी जात. गरिबांच्या खोल्या त्यांनी पहिल्यांदा आतून पाहिल्या त्या अशा.

पुढे १८६२ मध्ये हिल कुटुंबाने मॅरिलबोन भागातील नॉटिंगहॅम प्लेस येथे राहत्या घरातच शाळा सुरू केली. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर लंडनमधील बकाल गल्ल्या होत्या.

लंडनमधील घरे दुरुस्त का होत नव्हती?

हे समजण्यासाठी तिथली मालकीची पद्धत समजून घ्यायला हवी. लंडनमध्ये जमीन बहुधा एका बड्या मालकाची असे. तो ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर देई. पट्टा घेणारा घरे बांधे किंवा बांधलेली घरे घेई आणि पुढे दुसऱ्याला देई. तो तिसऱ्याला देई. शेवटच्या पायरीवरचा मध्यस्थ एकेक खोली आठवड्याच्या भाड्याने कुटुंबांना देई. पट्ट्याची मुदत संपली की जमीन आणि तिच्यावरची घरे मूळ मालकाकडे परत जात.

या साखळीत दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा? मूळ मालक म्हणे, पट्टा दुसऱ्याच्या ताब्यात आहे. पट्टेदार म्हणे, मुदत संपत आली, आता खर्च करून उपयोग काय? मध्यस्थाला तर त्या आठवड्याचे भाडे तेवढे हवे असे. काही भाडेकरू पैसे बुडवून पळून जात, ती तूट उरलेल्यांच्या भाड्यातून भरून काढली जाई. घर जितके वाईट, तितके चांगले भाडेकरू तिथून निघून जात आणि भाडे बुडवणारे वाढत. मग मालकाला दुरुस्तीत आणखीच रस उरत नसे.

दुसरीकडे लंडनमध्ये रेल्वे स्थानके आणि नवे रस्ते यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या जात होत्या. तिथून उठलेली कुटुंबे कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्या गल्लीत एका खोलीत दाटीवाटीने राहत. पडक्या खोलीलाही त्यामुळे गिऱ्हाईक मिळत होते.

पैसे कुणी गुंतवले?

ऑक्टेव्हिया यांना गरीब मुलांसाठी बाग असलेले एखादे घर भाड्याने घ्यायचे होते. घरमालकांनी त्यांना उभे केले नाही. ही अडचण त्यांनी कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्यापुढे मांडली. रस्किन हे नाव भारतीय वाचकांना महात्मा गांधींमुळे परिचित आहे. १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी रस्किन यांचे ‘अन टू धिस लास्ट’ हे पुस्तक वाचले आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा सारांश गुजरातीत लिहिला.

ऑक्टेव्हिया रस्किन यांच्यासाठी जुन्या चित्रांच्या नकला काढण्याचे काम करत असत. १८६४ मध्ये रस्किन यांच्या वडिलांचे निधन झाले आणि मद्याच्या व्यापारातून जमलेली मोठी संपत्ती त्यांच्याकडे आली. तिचा चांगला विनियोग कसा करावा, या विचारात ते होते. १८६५ मध्ये त्यांनी मॅरिलबोनमधील पॅराडाइज प्लेस या गल्लीतील तीन घरांचा ५६ वर्षांचा भाडेपट्टा ७५० पौंडांना घेतला आणि घरे ऑक्टेव्हिया यांच्या हवाली केली.

पैसे दान म्हणून देण्याची रस्किन यांची तयारी होती. तरीही त्यांनी एक अट घातली. गुंतवणुकीवर वर्षाला पाच टक्के परतावा मिळालाच पाहिजे. ही अट लोभापोटी नव्हती. दानावर चालणारे काम दाता थकला की थांबते. हेच काम व्यवहार म्हणून जमले, तर इतर पैसेवालेही त्यात उतरतील, असा त्यामागचा विचार होता. त्या काळी ब्रिटिश सरकारी रोख्यांवर साधारण तीन टक्के व्याज मिळे. त्याहून पाच टक्के चांगले होते आणि गरिबांच्या खोल्यांतून बेफिकीर मध्यस्थ जे उपसत, त्यापेक्षा कमी होते.

७५० पौंडांचे पाच टक्के म्हणजे वर्षाला साडेसदतीस पौंड. कर, जमिनीचे भाडे, विमा आणि दुरुस्ती भागवून एवढी रक्कम मालकाच्या हाती द्यायची होती.

पॅराडाइज प्लेसची अवस्था काय होती?

पॅराडाइज म्हणजे स्वर्ग. प्रत्यक्षात भिंतींचा गिलावा गळत होता. छतातून येणारे पावसाचे पाणी धरायला जिन्यात बादली ठेवलेली होती. जिन्यांत मिट्ट काळोख असे. जिन्याचे कठडे जागेवर नव्हते. थंडीत भाडेकरूंनी ते जळणासाठी तोडून नेले होते. मागच्या अंगणातील फरशी फुटून डबकी साचली होती आणि ओल भिंतींवर चढत होती. धुणी धुण्याच्या खोलीत आधीच्या मालकाचे अडगळीचे सामान भरून तिला कुलूप लावलेले होते. पाण्यासाठी सगळ्यांत मिळून एकच मोठे पिंप होते आणि तेही गळके. पाणी आले त्या वेळी ज्याने भांडे भरून घेतले नाही, त्याला दिवसभर पाणी नाही.

या भागात खोल्या भाड्याने देणाऱ्यांपैकी एकाचा मूळ धंदा अंत्यसंस्काराचे सामान पुरवण्याचा होता. भाडे बुडाले तरी त्याला फारशी फिकीर नव्हती. घरात होणाऱ्या मृत्यूंमधून आपली भरपाई होते, असा त्याचा उघड हिशेब होता. पडक्या घरातून पैसा कसा निघत असे, हे यावरून कळते.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने झाली?

ऑक्टेव्हिया यांनी घरे एकदम नवीकोरी केली नाहीत. पहिल्यांदा हात घातला तो जिवाशी संबंध असलेल्या गोष्टींना. गटारे साफ केली, छत शाकारले, पाण्याची टाकी नीट बसवली, भिंतींना चुना दिला. धुण्याच्या खोलीचे कुलूप निघाले.

खोल्यांच्या आतल्या सुधारणा मात्र टप्प्याटप्प्याने झाल्या. दुरुस्त केलेली वस्तू भाडेकरूंनी जपली, तर पुढची दुरुस्ती. प्रत्येक घरासाठी वर्षाला दुरुस्तीची ठरावीक रक्कम बाजूला काढली जाई. मोडतोड कमी झाली आणि त्यातून काही पैसे उरले, तर ते कशावर खर्च करायचे हे भाडेकरू ठरवत. या एका नियमाने बरेच काही बदलले. फुटलेल्या काचेची भरपाई आता आपल्याच सोयींच्या रकमेतून होते, हे सगळ्यांना कळले. शेजारी एकमेकांवर लक्ष ठेवू लागले.

कामही शक्यतो घरच्या माणसांनाच मिळे. जिने आणि बोळ धुण्यासाठी भाडेकरूंच्या मोठ्या मुलींना आठवड्याला मजुरी दिली जाई. हंगामी काम थांबले की बेकार पुरुषांना सुतारकाम, रंगकाम, डागडुजी दिली जाई. त्यामुळे मंदीच्या आठवड्यातही भाडे देण्यापुरते पैसे त्यांच्या हातात राहत.

पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, रस्किन यांनी जवळच्या फ्रेशवॉटर प्लेस येथील आणखी घरे घेतली. त्यांच्यासमोर गुरांचे मोडके गोठे, शेणाचे ढीग आणि भंगार पडलेले मैदान होते. ते साफ करून तिथे मुलांसाठी खेळाचे अंगण केले गेले. विक्रीच्या दृष्टीने पाहिले, तर त्या मोकळ्या जागेवर आणखी खोल्या उठवता आल्या असत्या.

भाड्याचा हिशेब कसा जुळला?

या प्रयोगाचे गमक दुरुस्तीपेक्षा भाडेवसुलीत होते. ऑक्टेव्हिया दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडे घेत. भाडे वाढवले नाही, पण थकबाकीही चालू दिली नाही. जो पैसे देणार नाही, त्याला खोली सोडण्याची नोटीस. पोटभाडेकरू ठेवायला बंदी. एका खोलीत गर्दी करून राहणाऱ्या कुटुंबाला दोन खोल्या जवळपास एका खोलीच्या भाड्यात देऊ केल्या जात.

यामुळे मालकाचे तीन मोठे तोटे थांबले. बुडीत भाडे जवळजवळ संपले. खोल्या रिकाम्या पडून राहणे कमी झाले, कारण चांगले भाडेकरू टिकू लागले. आणि मोडतोड घटली. आधीच्या मध्यस्थाच्या हातून गळून जाणारा पैसा आता घरात राहू लागला. जवळपास तेच भाडे, तीच माणसे आणि तीच घरे असताना हिशेब बदलला. दीड-दोन वर्षांत सर्व खर्च भागवून पाच टक्के परतावा दिला गेला आणि मुद्दलाचाही काही भाग परत करता आला.

आठवड्याची ही फेरी केवळ वसुलीची नव्हती. गळती कुठे आहे, कोण आजारी आहे, कुणाचे काम सुटले आहे, कोणत्या मुलीला नोकरी हवी आहे, हे त्याच वेळी कळे. भाडेकरूंसाठी बचतीची सोय होती. ऑक्टेव्हिया यांच्या घरामागच्या मोठ्या खोलीत वर्ग आणि मेळावे भरत. मालक आणि भाडेकरू दोघांनीही आपापले कर्तव्य पाळायचे, असा त्यांचा आग्रह होता. भाडे वेळेवर मिळाले तर छत गळता कामा नये आणि छत गळत नसेल तर भाडे थकता कामा नये.

व्यवस्थापक म्हणून स्त्रियाच का?

घरे वाढू लागली तशी एका व्यक्तीला फेरी पुरेनाशी झाली. ऑक्टेव्हिया यांनी मदतीला स्त्रियांना घेतले. घरी दिवसभर बाईमाणूस असते, तिच्याशी बोलायला बाईच हवी, हा त्यामागचा व्यवहार. या स्त्रियांना हिशेब लिहिणे, दुरुस्तीचे अंदाज काढणे, कर आणि स्वच्छतेचे नियम समजून घेणे शिकवले जाई. घरांचे व्यवस्थापन हा स्त्रियांसाठी एक नवा व्यवसाय त्यातून उभा राहिला.

ऑक्टेव्हिया यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एमा कॉन्स यांनी पुढे लंडनमधील ओल्ड विक हे नाट्यगृह सामान्यांसाठी चालवले. हेन्रिएटा बार्नेट यांनी हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब ही वसाहत उभी केली.

पैसे गुंतवणारेही वाढले. काउंटेस ऑफ ड्युसी यांच्यासारख्या श्रीमंत स्त्रियांनी बॅरेट्स कोर्ट या बदनाम गल्लीतील घरे घेऊन ऑक्टेव्हिया यांच्याकडे सोपवली. १८७४ पर्यंत १५ ठिकाणची घरे आणि सुमारे ३ हजार भाडेकरू त्यांच्या व्यवस्थेत आले होते. त्याच वर्षी मित्रमंडळींनी निधी जमवून त्यांच्या चरितार्थाची सोय केली. तोवर त्या शिकवणीच्या उत्पन्नावरच जगत होत्या. घरांच्या नफ्यातला हिस्सा त्यांनी स्वतःसाठी घेतला नव्हता.

१८७५ मध्ये त्यांचे लेख ‘होम्स ऑफ द लंडन पुअर’ या पुस्तकात एकत्र आले. व्हिक्टोरिया राणीच्या कन्या राजकन्या अ‍ॅलिस यांच्या पुढाकाराने त्याचे जर्मन भाषांतर झाले.

इतर प्रयोगांपेक्षा वेगळे काय?

त्या काळी लंडनमध्ये गरिबांच्या घरांसाठी इतरही प्रयत्न चालू होते. अमेरिकी धनिक जॉर्ज पीबडी यांच्या देणगीतून १८६२ मध्ये पीबडी ट्रस्ट स्थापन झाला. सिडनी वॉटरलो यांची कंपनी १८६३ पासून कामगारांसाठी इमारती बांधू लागली. मर्यादित नफा घेणाऱ्या अशा कंपन्यांच्या कामाला ‘पाच टक्क्यांचे परोपकार’ असे नाव पडले.

मात्र या संस्था जुनी घरे पाडून नव्या, बहुमजली इमारती बांधत. बांधकाम महाग, म्हणून भाडेही नियमित पगार असलेल्या कारागिरालाच परवडणारे. रोजच्या रोज काम शोधणारा हमाल, फेरीवाला, धुणी धुणारी विधवा यांना तिथे जागा मिळणे कठीण. १८७५ च्या कायद्याने नगरसंस्थांना अख्ख्या गलिच्छ वस्त्या ताब्यात घेऊन पाडण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या बाजूने ऑक्टेव्हिया यांनीही प्रयत्न केले होते. पण पाडलेल्या घरातला माणूस नव्या घरात क्वचितच परत येई.

ऑक्टेव्हिया यांचा भर होता तो असलेल्या घरावर आणि असलेल्या माणसावर. जुने घर दुरुस्त करणे स्वस्त, म्हणून भाडे वाढवावे लागत नाही आणि म्हणून माणूस उठत नाही, ही त्यातली साखळी.

अर्थात प्रत्येक घर वाचवण्याजोगे नसे. १८७० च्या दशकात बॅरेट्स कोर्टमधील काही घरे आरोग्य अधिकाऱ्यांनी राहण्यास अयोग्य ठरवली. ऑक्टेव्हिया यांना ते पटले नाही, वाद झाला. तिथली काही घरे अखेर पाडून नवी बांधावी लागली.

रस्किन यांच्याशी का बिनसले?

१८७७ हे वर्ष ऑक्टेव्हिया यांच्यासाठी वाईट ठरले. कामाचा ताण होता. एडवर्ड बाँड यांच्याशी ठरलेले लग्न अल्पावधीत मोडले. त्याच सुमारास रस्किन यांच्याशी खटका उडाला. रस्किन यांनी सेंट जॉर्ज गिल्ड ही आदर्श वसाहतींची योजना काढली होती. त्यांच्या व्यावहारिक कुवतीबद्दल ऑक्टेव्हिया यांनी एका संभाव्य देणगीदाराजवळ शंका व्यक्त केली. हे रस्किन यांना कळले. ते दुखावले आणि १८७८ मध्ये त्यांनी दोघांमधील पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापून टाकला.

ज्या माणसाच्या पैशावर काम उभे राहिले, त्यानेच चारचौघांत झिडकारले. ऑक्टेव्हिया यांची प्रकृती पार ढासळली. हॅरियट यॉर्क या मैत्रिणीसोबत त्या दीर्घकाळ युरोपात राहिल्या. यॉर्क पुढे अखेरपर्यंत त्यांच्या सोबत होत्या. या काळात घरांचे काम मात्र थांबले नाही. शिकवून तयार केलेल्या स्त्रिया दर आठवड्याला फेरी करत राहिल्या, हिशेब लिहीत राहिल्या. काम एका व्यक्तीवर अवलंबून राहिलेले नाही, हे तेव्हा दिसले.

चर्चची मालमत्ता हाती कशी आली?

इंग्लंडच्या चर्चची लंडनमध्ये मोठी स्थावर मालमत्ता होती. जुने पट्टे संपून साउथवर्क आणि डेप्टफर्ड भागातील पडकी घरे चर्चच्या विश्वस्तांकडे परत येत होती. १८८४ पासून विश्वस्तांनी ती ऑक्टेव्हिया यांच्याकडे सोपवायला सुरुवात केली. डेप्टफर्डमधील काम फार कष्टाचे गेले. भाडे थकायचे, मोडतोड व्हायची. साउथवर्कमध्ये मात्र यश आले.

तिथे कागदाच्या जळालेल्या कारखान्याची ओसाड जागा होती. १८८७ मध्ये त्या जागी रेड क्रॉस गार्डन ही बाग आणि शेजारी सहा छोटी घरे झाली. वास्तुविशारद एलायजा हूल यांनी ती उतरत्या छपरांची, खेड्यातल्या घरांसारखी आखली. आज ती बाग लंडनच्या मध्यवर्ती भागात आहे आणि खुली आहे. त्याच १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्याला स्वतःच्या कर्तृत्वावर निमंत्रण मिळालेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासह ऑक्टेव्हिया यांचेही नाव होते.

१९०३ च्या सुमारास वॉलवर्थ येथील चर्चच्या मोठ्या जमिनीचे पट्टे संपले. जमीन पुन्हा मध्यस्थांना न देता विश्वस्तांनी स्वतःच छोटी घरे बांधावीत आणि प्रशिक्षित स्त्रियांकडून त्यांचे व्यवस्थापन करून घ्यावे, हा ऑक्टेव्हिया यांचा सल्ला मानला गेला. मध्यस्थांची साखळी मुळातच तोडण्याची ही संधी होती.

टीका कोणत्या मुद्द्यांवर झाली?

टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. पहिला आक्षेप कठोरपणाचा. थकबाकी न चालवण्याच्या नियमात खरोखर अडलेला माणूसही सापडे. भाडे देऊ न शकणारा बाहेर गेला की घरांचा हिशेब सुधारतो, पण तो माणूस कुठे जातो? तो दुसऱ्या पडक्या घरात जातो. या प्रश्नाला पाच टक्क्यांच्या गणितात उत्तर नव्हते.

दुसरा आक्षेप कमी सोयींचा. १८८४ मध्ये नेमलेल्या गृहनिर्माण विषयक राजकीय आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी घरोघरी नळ देण्याची गरज नाही, मजल्यावर पाणी आले की पुरे, असे मत मांडले. सोयी वाढल्या की खर्च वाढतो, खर्च वाढला की भाडे वाढते, हा त्यांचा तर्क. त्या आयोगावर सदस्य म्हणून त्यांचे नाव पुढे आले होते. स्त्री असल्यामुळे ते नाकारले गेले.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. सरकारने किंवा पालिकेने करदात्यांच्या पैशातून स्वस्त घरे बांधण्यास त्यांचा विरोध होता. सरकारी पेन्शनलाही विरोध होता. स्वतः इतकी वर्षे सार्वजनिक काम केलेल्या ऑक्टेव्हिया यांनी १९१० मध्ये स्त्रियांच्या संसदीय मताधिकारालाही जाहीर विरोध केला.

काळ मात्र दुसऱ्या दिशेने गेला. लंडन काउंटी कौन्सिलने पूर्व लंडनमधील गलिच्छ वस्ती पाडून बाउंडरी इस्टेट ही वसाहत बांधली, ती १९०० मध्ये खुली झाली. लाखो कुटुंबांचा प्रश्न आठवड्याच्या फेरीने सुटणारा नव्हता. ऑक्टेव्हिया यांच्या व्यवस्थेत हजारो माणसे होती आणि लंडनची लोकसंख्या ४० लाखांवर गेली होती.

दहा पौंडांचे घर कोणते?

घरांसोबत मोकळ्या जागा वाचवण्याचे कामही ऑक्टेव्हिया यांनी केले. १८७५ मध्ये स्विस कॉटेज येथील मैदाने वाचवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तिथे घरे झाली. पार्लमेंट हिलची मैदाने मात्र १८८९ मध्ये वाचली. जमीन कायमची राखायची तर ती धरून ठेवणारी संस्था हवी, या विचारातून रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांच्यासह त्यांनी १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन केला.

ट्रस्टने विकत घेतलेली पहिली इमारत म्हणजे ससेक्स परगण्यातील अल्फ्रिस्टन येथील १४ व्या शतकातील धर्मगुरूंचे पडके घर. १८९६ मध्ये ते १० पौंडांना मिळाले. दुरुस्तीचा खर्च मात्र काही शे पौंडांचा होता. खरेदीची किंमत ही पडक्या घराची खरी किंमत कधीच नसते, हे ऑक्टेव्हिया यांना ३० वर्षांच्या अनुभवातून ठाऊक होते. निधी जमवला गेला, घर उभे राहिले. आज ते लोकांसाठी खुले आहे.

इंदूर आणि मुंबईशी संबंध कोणता?

स्कॉटलंडमध्ये एडिनबरा सोशल युनियन ही संस्था १८८५ मध्ये सुरू झाली. तिने ऑक्टेव्हिया यांच्या पद्धतीने जुनी घरे चालवायला घेतली. या संस्थेमागे वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस होते. ते आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅना १८८७ मध्ये एडिनबराच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या बकाल वाड्यात राहायलाच गेले आणि एकेक घर दुरुस्त करत गेले.

हेच गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. अनेक शहरांचे नगररचना अहवाल त्यांनी लिहिले. त्यांत होळकरांच्या इंदूरचा १९१८ चा दोन खंडांतील अहवाल सर्वांत मोठ्या अहवालांपैकी आहे. सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढण्याऐवजी अगदीच निकामी झालेली घरे तेवढी काढावीत, उरलेली दुरुस्त करावीत, मधल्या जागेत चौक आणि झाडे ठेवावीत, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. नामवंत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. लंडनच्या गल्लीतील प्रयोगाचा धागा एडिनबरामार्गे मुंबईपर्यंत आला तो असा.

अखेर आणि वारसा

१३ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनमधील मॅरिलबोन येथील राहत्या घरी ऑक्टेव्हिया हिल यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव आला होता, पण त्यांच्या इच्छेनुसार केंट परगण्यातील क्रॉकहॅम हिल येथे बहीण मिरांडा यांच्याजवळ दफन झाले. अ‍ॅबेमध्ये त्यांच्या नावाची शिळा बसली ती २०१२ मध्ये, शंभर वर्षांनी.

त्यांच्या हाताखालच्या स्त्रियांनी १९१६ मध्ये घरांचे व्यवस्थापन करणाऱ्या स्त्रियांची संघटना स्थापन केली. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्यांच्या नावाची संस्था १८९६ मध्येच सुरू झाली होती. ब्रिटनमध्ये पुढे पालिकांनी लाखो घरे बांधली. त्यातील अनेक इमारती देखभालीअभावी खराब झाल्या, तेव्हा आठवड्याला दारात येणाऱ्या व्यवस्थापकाची पद्धत अभ्यासकांना पुन्हा आठवली.

पडके घर दुरुस्त करून, भाडेकरूला न उठवता, माफक नफा मिळवता येतो, हे ऑक्टेव्हिया यांनी आकड्यांनी दाखवले. त्यासाठी दोन गोष्टी लागल्या. नफ्याला स्वतःहून मर्यादा घालणारा मालक आणि दर आठवड्याला जिना चढून जाणारा व्यवस्थापक. या दोन्ही गोष्टी बाजारात आपोआप मिळत नाहीत. आणि ज्याच्याकडे पाच टक्क्यांपुरतेही भाडे नाही, त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. ती सरकारनेच करायची असते, हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही.